मोठेपणी गाणं शिकताना: आवाज कसा घडतो आणि भीती कशी जाते

मोठेपणी गाणं शिकायला येणारी माणसं बहुतेक वेळा गाण्याआधी खुलासा करतात. "माझा आवाज तसा काही खास नाहीये हं." "लहानपणी गायचे, आता गळा राहिला नाही." मग गायला सुरुवात होते, तिसऱ्या ओळीला आवाज चिरतो आणि "सॉरी" म्हणून गाणं थांबतं. आवाज का चिरला हे त्यांना माहीत नसतं, म्हणून सगळा दोष स्वतःवर जातो. दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा आवाज चिरतो, पण आता विद्यार्थिनी म्हणते, "श्वास उशिरा घेतला, परत घेते." माझ्या दृष्टीने तिचं गाणं त्या दिवशी सुरू झालं. चुकलं का हे कळणं आणि पुढच्या वेळी काय करायचं ते ठाऊक असणं, यातूनच गाणाऱ्याला धीर येतो. म्हणून इथे तंत्र आणि धीर असे दोन वेगळे विभाग केलेले नाहीत.

शिक्षक निवडताना

शिक्षकांचं स्वतःचं गाणं किती सुंदर आहे यापेक्षा पहिल्या तासाला ते तुम्हाला किती ऐकतात ते बघा. चांगला शिक्षक आधी तुम्हाला एखादं आवडतं गाणं गायला लावतो, आवाज आरामात कुठवर खाली आणि कुठवर वर जातो ते पाहतो आणि मगच पट्टी, म्हणजे तुमचा सा किती उंचीवर धरायचा ते, ठरवतो. चूक दाखवताना तो नेमकं बोलतो. "अजून भाव आण" या सूचनेचं घरी जाऊन काय करायचं? "ओळीच्या शेवटी हनुवटी वर जाते आणि सूर आवळतो" यावर मात्र आरशासमोर उभं राहून काम करता येतं.

तासानंतर घसा दुखत असेल तर लगेच सांगा. "सुरुवातीला दुखतंच" असं उत्तर मिळालं, तर दुसरा शिक्षक शोधा. बरगड्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंना थकवा येणं ठीक, घसा दुखणं मुळीच ठीक नाही.

शिकवणी ऑनलाइन असेल तर एक अडचण आधीच ओळखून ठेवा. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी गाता येत नाही. तानपुरा किंवा ठेका तुमच्या बाजूला लावा, शिक्षकांनी गाऊन दाखवावं, मागून तुम्ही म्हणावं. ॲपमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद करा. लांबवलेला सूर तिला गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकते. आठवड्यातून एकदा तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा तास सुरुवातीला पुरतो, आणि शिक्षकांची परवानगी घेऊन तो रेकॉर्ड करून ठेवला तर आठवडाभर उपयोगी पडतो.

पहिल्याच आठवड्यात स्वतःचं गाणं रेकॉर्ड करा

एक कडवं, साथीशिवाय, फोनवर. तारीख घालून ठेवून द्या. ऐकलंत तर बहुधा वाईट वाटेल: "हा माझा आवाज?" त्यामागचं कारण साधं आहे. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही पोचतो आणि त्यामुळे तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून येणारा भाग नसतो. तुमचा आवाज इतरांना नेहमी असाच ऐकू येत आला आहे आणि ते तुमच्याशी आनंदाने बोलत आले आहेत. दर महिन्याला तेच कडवं, त्याच फोनवर पुन्हा रेकॉर्ड करा. रोज ऐकून फरक कळत नाही, महिन्याने कळतो.

गळ्यात नेमकं काय घडतं

मॅन्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा असतो तसा छोटा आरसा घशात धरला, सूर्यप्रकाश आत परतवला आणि गाताना स्वतःचे स्वरतंतू पाहिले. स्वरयंत्र आरशात पाहण्याची जी पद्धत पुढे वैद्यकात रूढ झाली, तिच्या पायाशी एका गाणाऱ्याचं हे कुतूहल आहे. त्याने पाहिलेल्या त्या दोन पट्ट्या प्रौढ स्त्रीमध्ये साधारण दीड सेंटिमीटर, पुरुषामध्ये साधारण दोन सेंटिमीटर लांब असतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने त्या उघडतात आणि मिटतात. पियानोवरचा मधला सी, म्हणजे आपली पांढरी एक (पट्ट्यांची नावं हार्मोनियमच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून येतात), गाताना हे सेकंदाला सुमारे २६२ वेळा घडतं. त्याच्या वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, त्याच्या दुप्पट.

एवढ्या वेगाने एकमेकांवर आपटणाऱ्या नाजूक पट्ट्यांवर जोर लावून काय होणार, हे एकदा लक्षात आलं की "जोरात गा" आणि "मोकळं गा" यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. मायक्रोफोनशिवाय गाणारे ऑपेराचे गायक अख्ख्या वाद्यवृंदावरून ऐकू येतात. त्यांच्या आवाजाची बरीच शक्ती ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपास एकवटलेली असते, तिथे वाद्यवृंद तुलनेने क्षीण असतो, असं स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. आवाज पोचतो तो घसा आणि तोंड यांच्या पोकळीला दिलेल्या आकारामुळे. घशातला जोर त्या कामाचा नाही.

श्वास

इथे घाई करू नका. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं.

"पोटातून गा" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि त्याने गोंधळच वाढतो. हवा फुप्फुसातच असते. श्वास घेताना छातीखालचा पडदा आकुंचन पावून खाली सरकतो, त्यामुळे पोट पुढे येतं आणि खालच्या बरगड्या बाजूंना उघडतात. पोट मुद्दाम फुगवायचं नसतं, ते आपोआप पुढे येऊ द्यायचं असतं. पाठीवर झोपून पोटावर एक पुस्तक ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं पुस्तक वर-खाली होताना बघा. खांदे हलत नाहीत, गळा ताणलेला नाही. मग उभं राहून दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवा आणि तीच हालचाल शोधा.

पुढचा व्यायाम: शांत श्वास घ्या आणि "स्स्स" असा बारीक, एकसारखा आवाज करत सोडा. सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद जमतील, काही आठवड्यांत पंचवीस-तीसपर्यंत जाता येतं. आकड्यापेक्षा धार महत्त्वाची: आवाज सुरुवातीला मोठा आणि शेवटी थरथरता होत असेल तर हवा आधीच उधळली गेली आहे. श्वास सोडतानाही बरगड्या शक्य तितका वेळ उघड्या ठेवायचा प्रयत्न करा. दमसास म्हणतात तो याच काटकसरीतून येतो.

बहुतेकांची चूक उलट दिशेची असते. मोठी ओळ आली की ते छाती गच्च भरून घेतात, मग ती हवा आतून ढकलू लागते आणि पहिलाच सूर फुटल्यासारखा बाहेर येतो. सहज बोलण्यासाठी घेतो त्याहून थोडा जास्त श्वास पुरतो. गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठरवून टाका. शब्द तोडून श्वास घ्यायचा नाही, आणि ठरलेली जागा रोज बदलायची नाही.

गळा तयार करणं

सकाळी उठल्याउठल्या अवघड तान घेऊ नका. पाच-सात मिनिटं असं करा: ओठ सैल ठेवून "ब्र्र्र" करत आवाज खालून वर आणि वरून खाली न्या. मग तोंड मिटून "म्म्म", ओठांना आणि नाकाच्या मुळाशी हलकी झिणझिण लागेपर्यंत. त्यानंतर बारीक स्ट्रॉमधून "ऊ" गा, स्ट्रॉचं टोक ग्लासातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेलं. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. इंगो टिट्झ या आवाजाच्या अभ्यासकामुळे हा स्ट्रॉचा व्यायाम जगभर पोचला. तोंडाशी वाट अरुंद झाली की आत हलका उलटा दाब तयार होतो, त्याच्या आधाराने स्वरतंतू कमी आपटता सहज कंप पावतात. थकलेल्या गळ्यालाही याने आराम पडतो, त्यामुळे गाऊन झाल्यावरही दोन मिनिटं करा.

मग मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर, सावकाश, "आ"वर. सूर सुरू कसा होतो इकडे लक्ष द्या. "ह" लागून हवेसकट सुरू झाला तर तो पोकळ, घशात खट् असा आपटून सुरू झाला तर तो कठोर. दोन्हींच्या मधला, हवा आणि आवाज एकाच क्षणी निघणारा आरंभ हवा. हे लिहून समजत नाही. शिक्षकांनी तिन्ही प्रकार गाऊन दाखवावेत आणि तुम्ही तिन्ही मुद्दाम गाऊन बघावेत, चुकीचे दोनसुद्धा.

सूर आणि कान

"मी बेसूर आहे" असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा कान ठीक असतो. स्वरांतला फरकच न ओळखता येणं ही गोष्ट खरी आहे, पण फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांना ऐकलेला सूर गळ्यातून काढण्याचा सराव नसतो, एवढंच.

सुरुवात उलट्या टोकाने करा. तुम्ही एक सहज सूर लावा आणि शिक्षकांना तो वाद्यावर शोधू द्या. तो सापडला की दोघांचे सूर एकमेकांत मिसळल्याची जाणीव होते, ती लक्षात ठेवा. मग त्याच्या एक स्वर वर, एक स्वर खाली. वाद्यापेक्षा माणसाच्या आवाजातला सूर पकडणं सोपं जातं, तेही आपल्याच उंचीतला. पुरुष शिक्षकाच्या मागे गाणाऱ्या विद्यार्थिनी सुरुवातीला चाचपडतात ते यामुळे.

रोज दहा मिनिटं तानपुऱ्यावर नुसता सा. कंटाळवाणं वाटतं, पण यासारखं काही नाही. माझी एक विद्यार्थिनी सा लावताना डोळे गच्च मिटायची, हाताच्या मुठी वळायची, आणि सूर केसभर वर चढायचा. मी तिला सा लावून ठेवून खोलीत चालायला सांगितलं. चौथ्या-पाचव्या पावलाला मुठी सुटल्या, खांदे खाली आले आणि सूर आपल्या जागी येऊन बसला. तिने डोळे उघडून विचारलं, "आत्ता काय झालं?" काही झालं नव्हतं, पकड सुटली होती.

कणसूर, म्हणजे किंचित खाली किंवा वर लागलेला सूर, ओळखायला शिका. ओळीच्या शेवटी सूर खाली घसरत असेल तर बहुधा श्वास संपत आलेला असतो. वरच्या जागी सूर चढत असेल तर जोर जास्त लागलेला असतो. फोनवरचं सूर दाखवणारं ॲप अधूनमधून तपासणीला चांगलं आहे, पण गाताना डोळे काट्यावर ठेवलेत तर कान काम सोडून देतो. आधी गा, कानाने ठरवा, मग बघा.

पट्टी आणि आवाजाचा जोड

ही गोष्ट मी स्वतः भोगली आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगते. मी शिकत होते त्या वर्गात सगळ्यांना एकच पट्टी होती, पांढरी सहा. माझा आवाज जात्याच खालचा. तार म्हणजे वरच्या सप्तकात गंधाराच्या (ग) पुढे गेलं की मान ताणली जायची, शिरा फुगायच्या, आणि घरी आल्यावर संध्याकाळभर आवाज बसलेला असायचा. दोन वर्षं मी समजत होते की मेहनत कमी पडते आहे. नंतरच्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी मला खाली, पांढरी चारवर आणलं. तेच गाणं, त्याच जागा, आणि मान हललीसुद्धा नाही. त्या दिवशी मला रडू आलं होतं, सुटल्याचं.

म्हणून गाणं मूळ पट्टीतच गायचं हा हट्ट सोडा. गाण्यातला सर्वांत वरचा सूर कुठला ते शोधा, तो तुम्हाला दिवसातून पाच वेळा न ताणता लागतो का ते बघा, आणि खालचे शब्द पुटपुटल्यासारखे होत नाहीत ना हेही बघा. दोन्ही जमलं की पट्टी बरोबर.

वर जाताना एका ठिकाणी आवाज अचानक बदलतो किंवा चिरतो, तो आवाजाचा जोड. तिथे स्वरतंतूंची ताणण्याची पद्धत बदलते, जाड कंपनाकडून पातळ कंपनाकडे. गाडीचा गिअर बदलताना धक्का बसावा तसं. धक्का टाळायचा तर त्या जागेच्या दोन-तीन स्वर आधीपासूनच आवाज हलका करायला लागा. "ऊ"वर वरून खाली अखंड घसरत या, रोज आठ-दहा वेळा, अगदी हळू आवाजात. खालून वर जोराने चढण्यापेक्षा वरून खाली उतरताना जोड लवकर मिटतो. याला महिने लागतात, आणि मधल्या काळात त्या जागेवर आवाज विचित्र निघतो. निघू द्या.

शब्द

सूर अ, आ, ई अशा अक्षरांतल्या स्वरांवर टिकतो, व्यंजनं येतात आणि जातात. "मन" म्हणताना लांबवायचा तो "म"मधला "अ". "न" शेवटच्या क्षणी. उंच जागी "ई" आला की जबडा आवळला जातो, तिथे तोंड थोडं जास्त उघडा, "ई"मध्ये किंचित "ए"ची छटा आली तरी ऐकणाऱ्याला "ई"च ऐकू येतो. गालावर दोन बोटं ठेवून गायलं की जबडा केव्हा आवळतो ते लगेच कळतं.

गाणं बसवण्याची रीत

पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दहा वेळा गाणं म्हणजे दहा वेळा तीच चूक घोटणं. आधी शब्द नुसते ठेक्यात बोला. मग शब्दांऐवजी "आ"वर चाल म्हणा, सूर स्पष्ट दिसतात. मग दोन्ही जोडा. अडणारी जागा सापडली की तिच्या आधीचा एक शब्द आणि नंतरचा एक शब्द एवढाच तुकडा घ्या, लय निम्मी करा. लागोपाठ पाच वेळा बरोबर आला की लय थोडी वाढवा. चुकला की पुन्हा एकपासून मोजा. खूपदा चूक त्या जागेत नसतेच. माझ्याकडच्या एका गृहस्थांचा अंतऱ्यातला वरचा सूर सहा आठवडे फुटत होता. सूर घोटून काही झालं नाही. त्याआधीचा श्वास एक शब्द मागे नेला आणि तो त्याच तासाला लागला.

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच-सहा दिवस, हे रविवारी सलग दोन तासांपेक्षा कितीतरी चांगलं. पाच मिनिटं गळा तयार करायला, सात-आठ सुरांना, उरलेली गाण्याला. वेळ नसेल त्या दिवशी गाणं सोडा, सा सोडू नका.

लोकांसमोर

भीती शरीरात काय करते ते आधी माहीत असू द्या. तोंड कोरडं पडतं, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, पाय थरथरतात आणि लय आपोआप वाढते. घरी जमलेलं गाणं बाहेर बिघडतं ते या कारणांनी, आणि प्रत्येकावर काहीतरी करता येतं. मंचावर जाण्याआधी श्वास घेण्याऐवजी आधी पूर्ण सोडा, पुढचा आपोआप खाली जातो. पहिली ओळ आणि तिची लय मनात एकदा म्हणून मगच सुरुवात करा. सुरुवातीचा सूर वाद्यावर ऐका, तोंड मिटून गुणगुणून घ्या.

"घाबरू नकोस, शांत हो" असं स्वतःला बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना अनोळखी माणसासमोर कराओकेवर गायचं होतं. गाण्याआधी "मी उत्सुक आहे" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांना यंत्राने दिलेले गुण "मला धडधडतंय, चिंता वाटते" अशा अर्थाचं म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले आले. धडधड दोन्हीकडे तीच असते, तिला नाव कोणतं द्यायचं ते आपल्या हातात असतं. मी विद्यार्थ्यांना हे वाक्य म्हणायलाच लावते, मोठ्याने.

ऐकणारे हळूहळू वाढवा. आधी फोनचा कॅमेरा, मग घरातलं एक माणूस, मग शिक्षकांकडचे दोन-तीन विद्यार्थी, मग छोटी बैठक. प्रत्येक पायरीवर किमान तीन वेळा गाऊन मगच पुढे जा. पहिल्यांदा सर्वांसमोर गाताना नवं, अवघड गाणं घेऊ नका. सहा महिने मुरलेलं, तुमच्या आवाजाला सोपं गाणं घ्या. शब्द विसरलात तर चाल "आ"वर पुढे न्या, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) या, कुठे होता ते आठवतं. याचाही घरी सराव करा: कुणाला तरी मध्येच टाळी वाजवायला सांगा, टाळी पडली की शब्द सोडायचे, सूर आणि लय सोडायची नाही. आणि चुकल्यावर चेहरा वाकडा करू नका. बहुतेक चुका ऐकणाऱ्यांना आपल्या चेहऱ्यावरून कळतात.

मायक्रोफोन तोंडापासून चार बोटं, वरच्या जोरकस सुरांना थोडा लांब. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर माणूस नकळत ओरडू लागतो, म्हणून आवाजाची तपासणी करतानाच "मला माझा आवाज ऐकू येऊ द्या" असं सांगा. त्यात संकोच करायचा नाही.

गळा जपणं

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं आणि शरीरभर मुरल्यावर उपयोगी पडतं, त्यामुळे गाण्याच्या पाच मिनिटं आधी गटागटा पिऊन गळा ओला होत नाही. वाफ थेट पोचते. सारखं खाकरणं टाळा, त्यात स्वरतंतू एकमेकांवर घासले जातात. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा. घसा बसल्यावर कुजबुजून बोलण्यानेही ताण येऊ शकतो, त्यापेक्षा कमी आणि हळू बोला किंवा गप्प राहा. गाताना दुखलं की तिथेच थांबा. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला, किंवा एखाद्या दिवशी गाताना अचानक गेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या.

घसा बसलेला असताना शिकवणी चुकवू नका, फक्त गाऊ नका. त्या दिवशी कागद आणि पेन्सिल घेऊन जा, शिक्षकांना गायला सांगा, ते श्वास कुठे घेतात तिथे खुणा करा आणि हाताने ठेका धरा.